लिफ्टरचा पोर्ट कोणी बंद केला?

या पानावरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर जेवताना करमणूक म्हणून. अमावस्या, पिंपळ, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई... वाचायचं, हसायचं आणि ताट उचलायचं. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोक म्हणवत नाही. पण एक गोष्ट घडली आहे आणि ती कुठेच बसत नाही. नावं बदलली आहेत, कंपनीचं नाव देणार नाही. कृपया विचारू नका.

मी रहाटणीत राहतो. घरात आई आणि मी, दोघंच. आम्ही मूळचे बार्शीकडचे. वडील कामासाठी पिंपरीत आले आणि आम्ही इथलेच झालो. वडील आता नाहीत. आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असं चिंचवडच्या एका हॉस्पिटलमध्ये तिचं डायलिसिस असतं. एकदा मशीनला जोडलं की चार तास. त्या चार तासांत मी शेजारच्या खुर्चीत बसून लॅपटॉपवर ऑफिसचं काम करतो, बाकी वेळ ऑफिसात. माझी नोकरी चाकण एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. तिथलं सगळं नेटवर्क मी बघतो. म्हणायला 'नेटवर्क टीम' आहे, पण टीममध्ये मी एकटाच. माझ्यावर कुलथे साहेब, आयटीचे मॅनेजर. माणूस वाईट नाही. फक्त फोन केल्यावर 'कुठे आहेस' हे विचारायची त्यांना सवय नाही. मी कुठेही असलो तरी कंपनीत आहे असंच ते धरून चालतात.

आता थोडं टेक्निकल सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शॉप फ्लोअरवरची सगळी मशीन्स केबलने एका खोलीत येतात आणि तिथे रॅकमध्ये बसवलेल्या स्विच नावाच्या डब्यांमध्ये जोडली जातात. एक केबल, एक पोर्ट. मशीन्स एकमेकांशी बोलतात ती या डब्यांमधून. आमचे जुने स्विच थकले होते. त्यांच्या जागी तीन नवीन बसवून त्यांचा स्टॅक करायचा असं ठरलं. स्टॅक म्हणजे तीन स्विच एकावर एक ठेवायचे आणि मागच्या बाजूने जाड केबलने एकमेकांना जोडायचे. पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा फिरून पहिल्याला. मग ते तीन राहत नाहीत, एकच मोठा स्विच होतो. त्यातला एक मास्टर, बाकी दोन मेंबर. लॉगिन एक, पासवर्ड एक.

आमच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी असते, म्हणून काम गुरुवारी घेतलं. कागदावर अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण तिघांतल्या एकाचं सॉफ्टवेअर जुनं निघालं आणि बाकीचे दोघे त्याला आपल्यात घेईनात. ते अपडेट केलं, तर ज्याला मास्टर करायचं होतं तो मेंबर होऊन बसला. मग प्रायॉरिटी बदला, तिघांना बंद करून परत चालू करा, वाट बघा. मागची एक स्टॅक केबल नीट बसली नव्हती, ते शोधण्यात आणखी वेळ गेला. शेवटी प्रत्येक पोर्टला मशीनचं नाव देऊन, कोणती केबल कुठे ते दोनदा तपासून मी उठलो तेव्हा शुक्रवार उजाडला होता. पहिल्या शिफ्टला लाइन चालू झालेली बघितली आणि बाइक काढली. मोशीपर्यंत कसा आलो ते आठवतंय, त्यापुढचं नीट आठवत नाही. घरी आंघोळ केली, आईला रिक्षात बसवलं आणि हॉस्पिटल गाठलं.

डायलिसिसच्या हॉलमध्ये जाताना बाहेर चपला काढाव्या लागतात नाहीतर बुटांवर निळी प्लॅस्टिकची कव्हरं चढवावी लागतात. बूट काढायचंसुद्धा त्राण नव्हतं, कव्हरं चढवली. सिस्टरने आईच्या हाताला सुया लावल्या, मशीन सुरू केलं. आई म्हणाली, "तू जरा टेक. मी हाय इथं." मी लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतली आणि भिंतीला डोकं टेकवलं. एवढंच.

मला स्वप्न पडल्याचं आठवत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण सगळे तेच विचारतात. काहीही आठवत नाही. भर दुपारी खिशातला फोन थरथरला आणि मी भानावर आलो. कुलथे साहेब होते. लिफ्टर बंद पडलाय, म्हणाले. लिफ्टर म्हणजे वरच्या कन्व्हेयरवरचे पार्ट खाली आणणारा मोठा प्लॅटफॉर्म. अर्ध्यात येऊन थांबलाय, स्क्रीनवर नेटवर्कचा एरर आहे, तुझ्या स्टॅकचंच काहीतरी झालंय, आख्खी लाइन उभी आहे, आणि प्लँट हेड शेजारी उभे आहेत.

मी लॅपटॉप उघडला, मोबाइलच्या नेटवरून कंपनीत शिरलो. स्टॅक ठणठणीत होता. तिन्ही स्विच चालू, मास्टर जागेवर. फक्त एक पोर्ट खाली होता, लिफ्टरचा. आणि तो बिघडून खाली गेला नव्हता. कोणीतरी कमांड देऊन बंद केला होता. या दोन गोष्टी स्विच वेगवेगळ्या दाखवतो, त्यात चूक होत नाही. मी साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "कोणी केलं ते नंतर बघू. आधी चालू कर."

पोर्ट चालू करायला दोन शब्द लागतात. मी ते टाइप केले. एंटर दाबायच्या आधी सवयीने वरची लॉगची, म्हणजे कोणी काय केलं त्या नोंदीची, ओळ वाचली. पोर्ट बंद करणाऱ्याच्या नावाच्या जागी माझा यूजर आयडी होता. आणि कमांड नेटवर्कवरून आली नव्हती, कन्सोलवरून आली होती. म्हणजे खोलीत रॅकसमोर उभं राहून, स्विचला केबल लावून, कोणीतरी माझ्या नावाने लॉगिन केलं होतं. मला फोन येण्याआधी थोडाच वेळ.

साहेब फोनवर "झालं का, झालं का" करत होते. मी म्हणालो, सर, रॅक रूममध्ये कोणीतरी आहे, आधी माणूस पाठवून बघा. ते चिडले. माझं बोट एंटरवर होतं आणि मी ऐकणारच होतो, कारण भांडायची ताकद नव्हती. तेवढ्यात फोनमधून मागून आरडाओरडा ऐकू आला, आणि कुलथे साहेबांचा आवाजच बदलला.

"संदीप, हात लावू नकोस. खाली माणूस आहे."

तो माणूस म्हणजे रफिकभाई. देहूरोडचे, आमच्याकडे मेंटेनन्सला फिटर. लिफ्टरच्या खालच्या खड्ड्यात एक सेन्सर अडकला होता म्हणून ते पोटावर सरपटत आत गेले होते. आत जाण्याआधी मशीनला स्वतःचं कुलूप लावायचा नियम आहे. दोन मिनिटांचं काम म्हणून ते राहिलं. वरच्या सुपरवायझरला ते आत आहेत हे माहीत नव्हतं, त्याने लिफ्टर सुरू केला. प्लॅटफॉर्म खाली यायला लागला आणि त्यांच्या पाठीला लागून थांबला. अगदी लागून. नेटवर्क तुटलं की लिफ्टर आहे तिथे ब्रेक लावून उभा राहतो, म्हणून थांबला. एका हेल्परला खड्ड्यातून येणारा बॅटरीचा उजेड दिसला, तेव्हा सगळ्यांना कळलं. जॅक लावून बाहेर काढलं. खरचटण्यापलीकडे काही नाही.

टाइप केलेले दोन शब्द तसेच स्क्रीनवर होते. मी ते एकेक अक्षर करून पुसले आणि लॅपटॉप मिटला.

शनिवारी मी कंपनीत गेलो तर दोन प्रकारचे लोक भेटले. अर्धे पाठीवर थाप मारत होते, अर्धे चौकशी करत होते. कुलथे साहेबांनी केबिनमध्ये बसवलं. दोनच गोष्टी होऊ शकतात, म्हणाले. एक तर तू केलंस, किंवा तुझा पासवर्ड कोणाला तरी दिलास. पहिलं असेल तर तुला कसं कळलं ते सांग, दुसरं असेल तर नोकरीचं अवघड आहे. मी म्हणालो, सर, मी चिंचवडला होतो. ते म्हणाले, तेच तर.

खोलीच्या दाराला कार्ड लागतं. शुक्रवारी सकाळी मी बाहेर पडल्यापासून ते दार उघडल्याची नोंदच नव्हती. माझं कार्ड माझ्या खिशात होतं. स्विच देणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने तिन्ही स्विच तपासले. हार्डवेअर बिघडलं तर काय काय होऊ शकतं ते त्याने मला समजावून सांगितलं. मग स्वतःच म्हणाला, "बिघाड असता तर पोर्ट पडला असता, सर. बिघाड कोणाच्या नावाने लॉगिन करत नाही."

तो जेवायला गेला, मी एकटाच रॅकसमोर बसलो होतो. बाहेर सुमनताई फरशी पुसत होत्या. त्या इथल्याच, ज्या गावाच्या जमिनीवर कंपनी उभी आहे त्या गावातल्या. वरचा मजला आणि आमचा पॅसेज त्यांच्याकडे असतो. खोलीला काचेचं दार आहे. त्यांनी आत डोकावलं आणि विचारलं, "आज बरं वाटतंय का साहेब?"

मी म्हटलं, का हो, मला काय झालं होतं?

"काल लई दमल्यावानी दिसत व्हता. मी काचंवर टकटक केली, इचारलं, जेवला का म्हणून. तुमी वळून बघितलं, पन वळख दिली न्हाई. म्हनलं, कामात असतील, जाऊ द्या."

मी विचारलं, काल म्हणजे कधी? सकाळी लवकर?

"न्हाई वो. जेवनाच्या सुट्टीच्या आधी. मग तर खाली बोंबाबोंब झाली की." त्यांनी पोछा बादलीत पिळला आणि जरा हसल्या. "पायात त्या निळ्या पिशव्या घातल्या व्हत्या ना? मला बरं वाटलं. आमी पुसलेलं कुनी एवढं जपत न्हाई."

त्या पुढचा पॅसेज पुसत निघून गेल्या.

हे मी कुलथे साहेबांना सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? सुमनताईंना बोलावलं असतं, चार लोकांनी चार प्रश्न विचारले असते आणि शेवटी म्हणाले असते, बाईंचा दिवसात घोळ झाला. कदाचित झालाही असेल. पण शुक्रवारी सकाळी मी कंपनीतून निघालो तेव्हा माझ्या पायात नुसते सेफ्टी शूज होते. निळी कव्हरं मी चिंचवडला चढवली. आणि सुमनताईंशी मी डायलिसिसबद्दल कधी एक शब्दही बोललो नव्हतो.

नंतरचे काही दिवस रिपोर्टमध्ये गेले. कारखान्यात काहीही झालं की त्याचं मूळ कारण लिहावं लागतं, कारण लिहिल्याशिवाय विषय बंद होत नाही. मी हॉस्पिटलच्या हजेरीची प्रत जोडली, पासवर्ड बदलला. कोणीच काही ठरवेना. शेवटी 'स्टॅकमधील तांत्रिक दोष' असं लिहून विषय बंद केला आणि एक चांगला स्विच काढून त्याजागी दुसरा बसवला. तो बसवायला परत मीच. सुपरवायझरला मेमो मिळाला, कुलपाच्या नियमाचं ट्रेनिंग झालं. माझी नोकरी राहिली. मला आनंद झाला असेल असं वाटेल तुम्हाला. मला फक्त झोपायचं होतं, आणि खरं सांगतो, झोपायची भीती वाटत होती.

पुढे एका गुरुवारी रफिकभाई घरी आले. बरोबर त्यांची बायको, शबानाभाभी. पत्ता कंपनीतल्या कोणाकडून तरी मिळवला होता. पिशवीत सफरचंदं होती. डायलिसिसवाल्यांना केळी-मोसंबी चालत नाहीत हे भाभी विचारून आल्या होत्या. आईला फार कौतुक वाटलं. चहा झाला. रफिकभाईंनी कप हातातच धरून ठेवला.

मग त्यांनी सांगितलं. पाठीवर लोखंड टेकलं तेव्हा वळायला जागा नव्हती. श्वास पुरता घेता येत नव्हता, त्यामुळे ओरडता येत नव्हतं. आणि वर लोक बोलत होते ते सगळं ऐकू येत होतं. आयटीला फोन लावा, चालू करायला सांगा... "ते ऐकत पडलो होतो साहेब. वाटलं, आता करतील चालू."

मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की मी ते टाइप केलं होतं. आणि हेही सांगितलं की पोर्ट मी बंद केला नव्हता. मी तिथे नव्हतोच, चिंचवडला हॉस्पिटलमध्ये आईजवळ बसलो होतो, झोपलो होतो. तुमचे आभार मी घेऊ शकत नाही.

रफिकभाईंनी कप खाली ठेवला. "तुम्ही नव्हता म्हणता तर नसाल," ते म्हणाले. "पण नाव तुमचं आहे. मी अजून कोणाच्या घरी जाऊ?"

भाभींनी डोळ्यांना पदर लावला. रफिकभाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, मी घेऊ दिला.

ते गेल्यावर मी कप धुवत होतो. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, त्या शुक्रवारचं तुला एक सांगितलं नाही. तू आधीच दमलेला, म्हणून सिस्टरलाही सांगू नको म्हटलं होतं.

तुला डोळा लागल्यावर थोड्या वेळाने माझा जीव घाबरा झाला, ती सांगत होती. बीपी एकदम खाली गेलं. मशीन ओरडायला लागलं. मी तुला हाका मारल्या. तू हातभर अंतरावर होतास. सिस्टर धावत आली, तिने आधी मला बघितलं, पाय वर केले, सलाइन सोडलं. मग तुला उठवायला गेली. खांदा धरून हलवला. तू हललाही नाहीस. नाडी बघितली, ती ठीक होती, म्हणून तिने तुला तसंच राहू दिलं.

"मला वाटलं, झोप लागलीय गाढ," आई म्हणाली. "पण लेकरा, तुझे डोळे उघडे होते. माझ्याकडंच तोंड होतं. आणि तू नव्हतास."

नळ तसाच वाहत होता, तो मी बंद केला.

पुढच्या सोमवारी मी सिस्टरना विचारलं. त्यांना आठवत होतं. त्या म्हणाल्या, अतिश्रमाने होतं असं कधी कधी, तुम्ही एकदा स्वतःची तपासणी करून घ्या. करून घेतली. ईसीजी, डोक्याचा स्कॅन, रक्त. सगळं नॉर्मल आलं. डॉक्टरांनी विश्रांती घ्या असं लिहून दिलं. ते मी कुलथे साहेबांना दाखवलं, ते म्हणाले, बरोबर आहे, या महिन्याचं एवढं संपू दे.

तर असं आहे. कोणी म्हणेल योगायोग, कोणी म्हणेल कुठल्या तरी शक्तीने वाचवलं. दोन्हीतलं काहीच मला पटत नाही. रफिकभाई कामावर परत आलेत, पॅसेजमध्ये भेटले की छातीला हात लावतात. त्यांचा जीव वाचला हे चांगलंच झालं, त्यात प्रश्न नाही. पण कोणी मला विचारलं असतं, तिकडे जायचं की इथे आईजवळ थांबायचं, तर मी काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत नाही. मला कोणी विचारलं नाही.

आई त्या संध्याकाळी एवढंच म्हणाली, "गेलास ते बरं केलंस. पण जाताना सांगून जात जा."

हल्ली हॉस्पिटलमध्ये मी खुर्ची तिच्या पलंगाला अगदी चिकटवून घेतो. लॅपटॉप बॅगेतच ठेवतो. ज्या हाताला सुया नसतात तो तिचा हात धरून बसतो, आणि डोळे जड व्हायला लागले की तिला सांगतो... आई, मला झोप येतेय. ती माझी बोटं घट्ट धरते.